पुढच्या वर्षाची चाकं

दवाखान्यातून ती बाहेर आली, तर एक माणूस तिच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला!

पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती. त्याचे केस भिजले होते, शर्टाची पाठ भिजली होती, पण त्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मान वाकडी करून तो चाकात असा डोकावत होता, जसं काही आत कुणीतरी लपून बसलंय. हातात काहीतरी चमकत होतं. तिच्या गल्लीत मागच्याच महिन्यात एकाच्या गाडीची चारही चाकं चोरीला गेली होती.

“ओ मिस्टर! काय चाललंय?”

तो दचकून उठला. हातातली टेप सुटली, सर्रकन गुंडाळली गेली आणि त्याच्याच बोटावर बसली.

“आई गं... माप घेतोय.”

“कशाचं?”

“चाकाचं.”

“माझ्या?”

“नाही, गाडीच्या,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे — तुमच्याच गाडीच्या. सॉरी हां. मी चोर नाहीये. चोर टेप कशाला आणेल? चोर पाना आणेल.”

इतकं सरळ उत्तर देणारा चोर तिने कधी पाहिला नव्हता. तसा तिने चोरच पाहिला नव्हता म्हणा.

तो जमिनी मोजायचा. शहराबाहेर, हायवेच्या पलीकडे नवा रस्ता व्हायचा होता आणि तिथल्या खडकाळ माळावर सध्या त्याची मोजणी चालली होती. शेजारीच उभी होती ती गाडी त्याची. कंपनी तीच, नाव तेच, राखाडी रंगही तोच. फक्त एका वर्षाने नवी. आणि त्या एका वर्षात कंपनीला काय अवदसा आठवली कोण जाणे, चाकं मोठी केली आणि टायर बारीक! दिसायला झोकदार, पण दगडावर गेलं की टायर फाटलाच समजा. दोन महिन्यांत त्याचे तीन फाटले होते.

“तुमच्या चाकांना रबर कसं भरपूर आहे,” तो हावरटासारखा बघत म्हणाला. “तुम्ही ही... विकणार नाही ना?”

तिने वळून त्याच्या गाडीकडे पाहिलं आणि तिचं काळीज लक्कन हललं. तीच चाकं!

आता चाकं बघून कुणाचं काळीज हलतं का, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. तिच्या बाबांनी गाडी घेतली डिसेंबरात, आणि मार्चमध्ये आलं नवं मॉडेल, ह्या दहा आऱ्यांच्या चाकांसकट. बाबांनी ती चाकं शोरूमच्या काचेतून पाहिली आणि तेव्हापासून घरात विषय कुठलाही निघो, तो तिथेच येऊन थांबायचा. “तीन महिने! फक्त तीन महिने थांबलो असतो तर!” आई म्हणायची, “माझ्याशी लग्न करून बसले त्याचीसुद्धा एवढी हळहळ केली नाही ह्यांनी.” पण ह्या वर्षी बाबा रिटायर झाले, आई थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला परगावी गेली, आणि बाबा हळूहळू गप्प झाले. खिडकीशी बसायचे, जेव म्हटलं की जेवायचे. चाकांवरून कुरकुरणंही बंद. कुरकुरणारा बाप परवडला, पण गप्प बसणारा नाही परवडत.

“विकणार नाही,” ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. “बदलणार. तुमची मला, माझी तुम्हाला.”

“असं चालतं?”

“गाडी तर एकच आहे. एका वर्षाने काय बिघडतंय?”

हे आपलंच वाक्य तिला पुढे फार दिवस छळणार होतं.

तिने पर्समधून व्हर्निअर काढलं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसायचा, पण हे असायचंच.

“हे काय?”

“माप घ्यायचं. मी कवळ्या बनवते. दातांच्या.”

“म्हणजे तुम्हीही मोजणाऱ्याच की!”

“मी अर्ध्या मिलीमीटरने चुकले तर माझं गिऱ्हाईक जेवत नाही.”

“मी अर्ध्या मीटरने चुकलो तर भाऊ भावाशी बोलत नाही,” तो म्हणाला. दोघंही हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की ह्याच्या पापण्यांवरसुद्धा पावसाचे थेंब आहेत.

मग त्या भुरभुरीत दोघांनी मापं घेतली. चार नट इथे, चार नट तिथे. समोरासमोरच्या नटांमधलं अंतर इथे शंभर, तिथेही शंभर. नटांची जाडी तीच. वाकताना एकदा डोक्यावर डोकं आपटलं, दोघांनी एकदमच सॉरी म्हटलं. सगळं जुळलं. एकच गोष्ट मोजायची राहिली, चाकाच्या मधलं भोक. त्याच्यावर कंपनीची टोपी होती आणि ती काढून आत बघावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. पोटासाठी मोजमापं करणारी माणसं बरं का दोघं! पण समोर बघायला दुसरं काही असलं की असं होतं.

रविवारी तो आपल्या गाडीची चाकं घरी काढून, मित्राच्या टेम्पोत घालून घेऊन आला. चार दिवस जिना न उतरलेले बाबा चपला घालून खाली आले. आधी नुसते बघत उभे राहिले, मग राहवेना.

“नट फुलीत आवळायचे! एक झाला की शेजारचा नाही, समोरचा!”

“हो काका.”

“सुपरवायझर, जॅक सरळ धर.” सुपरवायझर म्हणजे ती. घरात तिला ह्याच नावाने हाक होती, कारण ती सगळ्यांवर देखरेख करायची.

चाकं बसली. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. मग खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, खाली गुडघ्यावर बसले आणि एकेक आरा पुसायला लागले. तिला डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं म्हणून तिने उगाच पाने गोळा केले. वर बघितलं, तर तो बाबांकडे बघत होता, आणि त्याच्याही चेहऱ्याचं काहीतरी झालं होतं.

जुनी चाकं टेम्पोत टाकून तो गेला. संध्याकाळी तिने फोन केला.

“बसली का हो?”

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बसली,” तो म्हणाला.

“नीट?”

“हो... मस्त. तुमचे बाबा काय करतायत?”

“खाली आहेत. तिसऱ्यांदा पुसतायत.”

“पुसू दे,” तो म्हणाला. “पुसू दे त्यांना.”

आणि इथून पुढे तिच्या डोक्याचा जो गुंता व्हायला लागला, तो काही सुटेना.

मंगळवारी पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात कवळ्या पोचवायच्या होत्या. हे काम खरं तर कुरियरवाल्याचं. “मीच जाते,” ती म्हणाली. लॅबमधल्या मोठ्या बाई मेण वितळवत होत्या, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “का गं? कुरियरवाला मेला काय?”

कुरियरवाला जिवंत होता. पण रस्ता हायवेचा होता, आणि हायवेच्या वळणावर पेट्रोल पंपाशेजारी एक कॅन्टीन होतं, आणि मोजणीची माणसं दुपारी तिथे कॉफी प्यायला येतात असं बोलण्याबोलण्यात तिला कळलं होतं. एवढंच.

ती हायवेला लागली. साठ, सत्तर, ऐंशी. आणि ऐंशीला तिचे हात थरथरायला लागले. बारीक, मुंग्या आल्यासारखे. बोटांपासून कोपरापर्यंत. तिने वेग कमी केला, थांबले. पुन्हा वाढवला, पुन्हा सुरू! कॅन्टीन जसजसं जवळ येत होतं तसतशी ती घाबरीघुबरी होत होती. अगं बाई, हे काय होतंय मला?

तो तिथेच होता. बुटांना मातीच माती.

“या या,” तो म्हणाला, आणि दुसरंच वाक्य: “गाडी कशी चालतेय? थरथरत वगैरे नाही ना?”

ह्याला कसं कळलं? चेहऱ्यावर दिसतंय की काय?

“छे! का थरथरेल?”

“अजिबात नाही?”

“लोण्यासारखी चालते,” तिने ठोकून दिलं.

तो हुश्श करून मागे टेकला. गाडी थरथरत नाही ह्याचा एखाद्याला एवढा आनंद का व्हावा, ते तिला कळेना. पण तो मोकळा हसला आणि तीही मोकळी झाली, आणि बोलता बोलता तिने आपल्या आधीच्या एकाची गोष्ट सांगितली. दीड वर्ष ती त्याच्यात गुंतली होती. भेटायचं ठरलं की त्याची आई आजारी पडायची. एकदा ती आई बाजारात भेटली. ठणठणीत, दोन्ही हातांत दोन कलिंगडं.

“विचारलं तर म्हणाला, तुला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललो. तेव्हापासून एक ठरवलंय बघा. माणूस गरीब चालेल, घोरणारा चालेल. खोटं बोलणारा नाही चालणार. एकदासुद्धा नाही.”

तो हसायचा थांबला.

“एकदासुद्धा?”

“एकदासुद्धा.”

त्याने कपातल्या कॉफीत असं बघितलं, जशी काही माशी पडलीय.

त्या दिवसापासून दोन महिने हेच चाललं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कवळ्या, हायवे, ऐंशीचा काटा, थरथरणारे हात. येताना संध्याकाळची गर्दी असायची, पन्नासच्या वर काटा जाईल तर शपथ. तेव्हा हात कसे शांत. शहरात शांत. लॅबमध्ये तर ती केसाएवढी रेघ कोरायची, हात दगडासारखा स्थिर. म्हणजे हे होतं ते फक्त त्याच्याकडे जाताना! ह्याचा दुसरा अर्थ काय काढायचा माणसाने?

“प्रेम आहे गं ते,” मोठ्या बाई साच्यात प्लास्टर ओतत म्हणाल्या. “माझेही थरथरतात, पण ते बीपीने. तुझं काही बीपीचं वय नाही.”

बरं, तिचं तरी कळलं. त्याचं काय? ते कळायला ब्रह्मदेवच हवा होता. रविवारी तो घरी यायचा, बाबांशी बुद्धिबळ खेळायचा आणि हरायचा. बाबा पुन्हा कुरकुरायला लागले होते, आता त्याच्या चालींवरून. निघताना ती खालपर्यंत यायची. जिन्याखाली तो थांबायचा. तिच्याकडे बघायचा — असं की तिचे कान गरम व्हायचे — आणि म्हणायचा, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगा ना.”

“ते... म्हणजे असं की...” आणि मग, “गाडी थरथरत नाही ना?”

“नाही हो!”

“मग ठीक आहे.” आणि चालायला लागायचा!

आता ह्या माणसाला धरून हलवावं की काय करावं? आणि चालायला लागायचा म्हणजे अक्षरशः पायी. त्याची गाडी कधी दिसायचीच नाही.

“गाडी कुठाय?”

“घरी.”

“का?”

“उभी आहे.”

“मग मी सोडते घरी, बसा.”

“नको नको! मला चालायला आवडतं.”

एकदा खिशातून रुमाल काढताना त्याच्या खिशातून बसची तिकिटं पडली. एक नाही, ढीगभर. तो खाली बसून घाईघाईने गोळा करत राहिला आणि वर बघेना. ती घरी आली ती भूत बघितल्यासारखी. घरापर्यंत का येऊ देत नाही? घरी कुणी आहे? बायको? का गाडी विकली? का मीच गळ्यात पडतेय आणि तो बिचारा सभ्यपणाने पळवाट शोधतोय? मग असा बघतो कशाला? दुधाने तोंड पोळलेली ती, ताक फुंकून प्यायचं म्हणत होती. पण इथे पेल्यात दूध आहे का ताक आहे, हेच कळत नव्हतं.

आणि मग त्या शनिवारी बाबा म्हणाले, “मलाही यायचंय हायवेवर. माझी चाकं पळताना बघायचीत.” बाबा स्वतः चाळीसच्या वर गाडी कधी न्यायचे नाहीत. ती चालवत होती, बाबा शेजारी. साठ, सत्तर, ऐंशी. हात थरथरायला लागले. चोरट्यासारखी तिने मूठ घट्ट केली.

“सुपरवायझर,” बाबा म्हणाले, “गाडी थरथरतेय.”

“काय?”

“स्टिअरिंग बघ ना. कसं करतंय.”

“तुम्हाला... तुम्हालापण जाणवतंय?”

“मला काय झालंय न जाणवायला! माझ्या बुडाखालची सीट हलतेय!”

दोन महिन्यांचं प्रेम बाबांनी एका वाक्यात गाडीच्या बिघाडात काढलं. तिला हसावं की रडावं कळेना. रस्त्याच्या कडेला जे पहिलं टायरचं दुकान दिसलं तिथे तिने गाडी घातली.

टायरवाल्याने पुढचं चाक काढलं, मधली टोपी उडवली, आत बोट फिरवलं आणि तिच्याकडे बघितलं.

“ताई, ही चाकं पुढच्या वर्षाच्या गाडीची.”

“हो. पण नटांचं माप तेच आहे. मी मोजलंय.”

“नट फक्त धरून ठेवतात. चाक मध्यावर बसतं ते ह्या भोकाने. तुमच्या गाडीचा हा मधला दांडा चौपन्नचा, आणि ह्या चाकाचं भोक साठचं. चाक एका अंगाला सरकून बसलंय. शहरात कळणार नाही, ऐंशीला गेलात की नाचणार.” त्याने खणातून प्लास्टिकच्या चार रिंगा काढल्या. “ह्या मध्ये घालतो. दहा मिनिटांचं काम. थरथर गेलीच म्हणून समजा.”

सहा मिलीमीटर! अर्ध्या मिलीमीटरसाठी कवळी परत करणारी ती, सहा मिलीमीटर बघायचे विसरली होती.

“आणि तुमची जुनी चाकं काय केलीत?” रिंग बसवता बसवता टायरवाल्याने विचारलं.

“ती त्यांच्या गाडीला बसवलीत. अदलाबदल केली आम्ही.”

“नाही बसायची.”

“बसली. त्यांनीच सांगितलं.”

“चौपन्नचं भोक साठच्या दांड्यावर? ताई, मोठं भोक लहान दांड्यावर कसंतरी बसेल. लहान भोक मोठ्या दांड्यावर देवाने येऊन सांगितलं तरी नाही बसायचं.”

ती उभीच राहिली. “बसली.” “नीट?” “हो... मस्त.” म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच फोनवर तो खोटं बोलला होता. मग बाकीचं तरी खरं कशावरून?

बाबा सगळं ऐकत होते. ते खाकरून म्हणाले, “तू जा त्याच्याकडे. मी बसने जातो. आणि चाकं परत द्यायची म्हणाव. माझी हौस फिटली.”

“बाबा...”

“जा गं. माणूस हरताना इतका प्रामाणिकपणे हरतो, तो उगाच खोटं बोलायचा नाही. विचार तरी.”

ती निघाली ती तावातावाने. काय काय बोलायचं ते मोठमोठ्याने म्हणत होती. ऐंशी झाले. स्टिअरिंग गप्प, अगदी दगडासारखं. आणि तिचे हात थरथरत होते. तिने हात उचलून बघितला, हवेतसुद्धा थरथरत होता! आता ह्याला काय म्हणायचं? राग, ती स्वतःला म्हणाली. रागच आहे हा. पण रागावलेल्या माणसाला “तो घरी असू दे, घरी असू दे” असं का वाटत असेल, हे तिला नाही सांगता आलं.

त्याने एकदा बोलताना सांगितलेल्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. लहानसं, पुढे अंगण, अंगणाला बुटकी भिंत. भिंतीवरूनच तिला गाडी दिसली. विटांच्या चार ढिगांवर उभी होती. चाकं नव्हतीच. खाली गवत चांगलं वीतभर वाढलं होतं. आणि तिची जुनी चारही चाकं पडवीत, पावसाचा थेंब लागणार नाही अशी, चादर घालून भिंतीला टेकवून ठेवली होती.

तो दारातच बादलीत बूट धूत बसला होता. तिला बघून उठला, हातातून बूट निसटून बादलीत पडला.

“दोन महिने?” ती म्हणाली. रागाच्या भरात अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. “दोन महिने तू बसने जातोयस?”

“बस हायवेपर्यंतच जाते,” तो म्हणाला. “पुढे चालतो.”

“कशाला? का सांगितलं नाहीस? तुला माहीत होतं मला खोटं चालत नाही!”

“ते तुम्ही मंगळवारी सांगितलंत. मी खोटं बोललो ते रविवारी.”

“मग बुधवारी खरं सांगायचं होतंस!”

“बुधवारी...” त्याने बादलीतला बूट बाहेर काढला. “बुधवारी हिंमत नव्हती. तोवर मी पार तुमच्यात गुंतलो होतो. सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात. ‘एकदासुद्धा नाही’ म्हणाला होतात.”

ती जागची हलली नाही.

“आणि रविवारी?”

“रविवारी तुमचे बाबा रुमालाने चाकं पुसत होते. इथे येऊन बघतो तर बसेनात. फोन हातात घेतला, म्हटलं परत मागतो, तेवढ्यात तुमचाच आला. तिसऱ्यांदा पुसतायत, म्हणालात. मला नाही मागता आली.” तो पडवीकडे वळला. “लेथ मशीनवाला म्हणाला, ह्यांचं भोक मोठं करून देतो. पण ही तुमच्या बाबांची चाकं. म्हटलं, हात नको लावायला. माझ्या वर्षाच्या गाडीची साधी लोखंडी चाकं शोधतोय, लहान मापाची. चार मिळालीत, गुरुवारी येतील.”

“आधीचाही हेच म्हणायचा. तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“हो,” तो म्हणाला. “मी चुकलो. त्याचं काही समर्थन नाही माझ्याकडे. विचार, जे विचारायचं ते. आता काहीही लपवणार नाही.”

“अजून काय काय खोटं बोललास?”

“चालायला आवडतं म्हणालो. नाही आवडत. टाचा दुखतात.”

“अजून?”

“बस. एवढंच.”

“बाबांशी मुद्दाम हरतोस?”

“नाही गं! जीव तोडून खेळतो, तरी हरतो.”

तिला हसू फुटलं. नको असताना फुटलं. ते दाबायला तिने तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात तो एकदम पुढे आला.

“थांब. तुला कळलं कसं की चाकं बसत नाहीत?”

“टायरवाल्याने सांगितलं. मधल्या रिंगा घालताना.”

“रिंगा? म्हणजे गाडी थरथरत होती?”

तिने मान खाली घातली.

“मी दर वेळी विचारत होतो! माझी चाकं तुला सैल होणार हे त्याच रात्री लक्षात आलं माझ्या. झोप उडाली होती. पहिलं वाक्य तेच विचारायचो. थरथरली असती तर त्याच क्षणी सगळं सांगून चाकं उतरवली असती. आणि तू म्हणायचीस लोण्यासारखी!”

“हो.”

“खोटं?”

“...हो.”

“प्रत्येक वेळी?”

“मंगळवार आणि शुक्रवार.”

“अगं, पण का?”

आता आली का पंचाईत! न्यायाधीश म्हणून आलेली बाई आरोपीच्या पिंजऱ्यात. खोटं सांगायची सोय नव्हती. ती वाट तिने स्वतःच बंद करून ठेवली होती. ती बादलीकडे बघत म्हणाली,

“कारण मला वाटलं, ते माझे हात आहेत.”

“काय?”

“तुझ्याकडे यायला निघाले की थरथरायचे. मला काय माहीत भोक साठचं आहे! मला वाटलं मलाच काहीतरी झालंय. आणि तू भेटल्या भेटल्या विचारायचास, थरथरत नाही ना? मी काय सांगणार होते, हो, तुला भेटायच्या नुसत्या विचाराने थरथरते म्हणून?”

तो बघतच राहिला. मग अगदी हळू, अंगणातल्या गवताला ऐकू जाईल न जाईल असं, म्हणाला, “मग आज रिंगा बसवल्यावर...”

“स्टिअरिंग एकदम शांत.”

“आणि हात?”

तिने दोन्ही हात पुढे केले. काही सांगायची गरजच उरली नाही. त्याने ते आपल्या ओल्या, साबणाच्या हातांत धरले. ते थांबले नाहीत. उलट त्याचेही थरथरायला लागले.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “फार. पहिल्या दिवशी टेप बोटावर बसली तेव्हापासून.”

“मलाही,” ती म्हणाली. “पण पुन्हा कधी खोटं बोललास ना...”

“तूही.”

“मीही नाही.”

भुरभुर सुरू झाली होती. दोघंही आत जायचं विसरली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “गुरुवारपर्यंत कामावर कसा जाणार?”

“जाईन की. सहाची बस आहे.”

“सहाला नको. साडेसहाला तयार राहा, मी येते.”

“वेडी आहेस का? तुझी लॅब बरोबर उलट्या दिशेला आहे.”

“एकोणीस किलोमीटरचा वळसा,” ती म्हणाली. “येतानाच मोजला मी.”